डिव्हायडरच्या फटीपर्यंत

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं निदान जिल्ह्याची हद्द तरी ओलांडतात. मी ओलांडली नाही. सहा दिवस मी सोलापुरातच होते आणि त्यातले बरेचसे तास एकाच रस्त्यावर. तरी लिहायला बसले, कारण गावी आल्यापासून जो तो विचारतोय, "परीक्षा संपून आठवडा झाला की गं, तू कुटं हुतीस?" आणि मला धड सांगता येत नाही.

मी मंगळवेढ्याच्या पुढच्या एका लहान गावातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी शहरात काय करते याबद्दल घरी भलत्याच कल्पना आहेत. वडिलांना वाटतं मी दिवसभर पंख्याखाली पुस्तक घेऊन बसते. आमच्या गावातल्या बहुतेकांनी सोलापूर पाहिलंय ते एसटी स्टँडवरून रिक्षानं दवाखाना आणि दवाखान्यातून परत स्टँड, एवढंच. त्या शहरात पायी चालणं काय असतं, हे त्यांना सांगायचं आहे. राग आवरून लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा कागद असा सभ्य झाला की माझा मलाच खोटा वाटला. म्हणून आता जसं येईल तसं.

सुरुवात कॉलेजच्या नोटीस बोर्डावरून झाली. शहरातले चालण्याचे आणि सायकलचे मार्ग सुधारायचे आहेत, त्यासाठी सर्वेक्षण करायला विद्यार्थी हवेत. एका सरकारी योजनेचं ते काम होतं. योजनेचं आणि कार्यालयाचं नाव मी घेत नाही. माझ्याकडे सायकल होती, म्हणून मी पहिलं नाव दिलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. शहरानं मला काहीतरी विचारलंय असं चार वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

सोमवार: हिरवा पट्टा

सकाळी आमच्या भूगोलाच्या सरांनी फॉर्म वाटले. फॉर्मवर दोनच रकाने. पदपथावरून जाणारे पादचारी. सायकल मार्गावरून जाणारे सायकलस्वार. मी हात वर केला.

"सर, पट्ट्याच्या बाहेरून कुणी गेलं तर?"

"नाही मोजायचं. आपण मार्गाचा वापर मोजतोय, गर्दी नाही. बाहेरचे धरले की आकडे बिघडतात."

मी मान डोलावली. मला सवय आहे मान डोलवायची. घरात कुणी शिकलेलं नसलं की सरांचं सगळंच खरं वाटतं.

माझ्या वाट्याला आलेला सायकल मार्ग म्हणजे रस्त्याच्या कडेनं रंगवलेला हिरवा पट्टा. मी त्यावरून सायकल घातली. आधी एका रांगेत उभ्या चारचाकी. त्यांना वळसा घालून परत पट्ट्यावर आले तर रसवंती, तिची बाकडी बरोबर हिरव्यावर. रसवाल्यानं एक बाकडं पायानं सरकवलं आणि "जावा ताई" म्हणाला, जणू मी त्याच्या अंगणातून चालले होते. पुढे विजेचा डीपी. पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर काळा चष्मा घातलेली अकरा माणसं. आणि त्याच्या पुढे कडुनिंबाचं झाड. पट्टा थेट झाडात जातो आणि झाडाच्या पलीकडून परत सुरू होतो. रंगवणाऱ्यानं बुंध्याचा खालचा हातभर भागही हिरवा करून टाकला होता. मला हसू आलं. थोड्या वेळानं गटारावरचं खचलेलं झाकण आलं, पुढचं चाक आत गेलं आणि मी आडवी झाले, तेव्हा हसू थांबलं.

कोपर सोलवटलं होतं. सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. तिथले चाचा चाक फिरवून बघत म्हणाले, "पैली बार गिरे क्या इदर?"

"हो."

"फिर कल भी आते तुम." त्यांनी तारा आवळायला घेतल्या. "वो हरा पट्टा कायकू बनाए, मालूम? गाड्यां लगाने कू. तुम बीच में कायकू घुसे?"

"चाचा, सायकलसाठी आहे तो."

"हौ क्या?" ते खरोखर चकित झाले. त्यांचं दुकान त्या पट्ट्याला लागून होतं आणि दिवसभर ते सायकलीच दुरुस्त करत होते.

बाकीचा दिवस पट्ट्याच्या कडेला बसून मोजणी केली. संध्याकाळी फॉर्म बघितला तर माझा रकाना जवळजवळ रिकामा. सायकली शेकड्यानं गेल्या होत्या, दूधवाले, सूतगिरणीकडे जाणारे, क्लासला जाणाऱ्या मुली, पण सगळ्या पट्ट्याच्या बाहेरून, ट्रकच्या शेजारून. मी नियमाप्रमाणे त्यांना मोजलं नाही. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. कळलं नाही.

मंगळवार: पूर्व भागातला रस्ता

दुसऱ्या दिवशी पायी चालणाऱ्यांची मोजणी. जागा पूर्व भागातल्या एका मोठ्या रस्त्यावर. त्या भागात तेलुगू घरं जास्त. पुरुष कारखान्यात टॉवेल-चादरीच्या मागावर, बायका घरी विड्या वळणाऱ्या. रस्त्याच्या मधोमध कंबरेएवढा डिव्हायडर आणि त्यात एका ठिकाणी फट. एक बाई कंबरेवर पाटी घेऊन जाईल एवढीच. फटीसमोर चहाच्या टपरीजवळ मी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले.

पदपथ माझ्या पाठीमागेच होता. गुडघ्याएवढा उंच. दर दुकानासमोर मोटारसायकल चढवायला तोडलेला, म्हणजे चालायचं तर दर वीस पावलांनी उतरायचं आणि परत गुडघा वर करून चढायचं. मधे खांब, कुठे जिना, कुठे फरशांची थप्पी. त्यावर एकच जीव होता, झोपलेलं कुत्रं. कुत्र्याचा रकाना नव्हता.

नऊच्या सुमाराला बायका येऊ लागल्या. एकामागे एक, कंबरेवर पाटी, पाटीत कापडाखाली बांधलेल्या विड्यांचे कट्टे. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या त्या कारखान्याच्या ब्रँचला तपासायला नेत होत्या. पदपथ सोडून रस्त्याच्या कडेनं चालत त्या फटीपर्यंत यायच्या, थांबायच्या, उजवा हात वर करून गाड्यांना थोपवायच्या आणि पलीकडच्या गल्लीत शिरायच्या. एक गेली की दुसरी.

माझ्या रकान्यात काहीच पडत नव्हतं.

साठीच्या आसपासची एक बाई माझ्यासमोर थांबली. नाकात दोन्ही बाजूंना खडे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "काय लिवायलीस गं पोरी, सकाळपासनं?"

"चालणारी माणसं मोजतेय, मावशी. रस्ता सुधारणार आहेत. तुमच्यासाठीच."

"आमच्यासाठी?" तिनं मागच्या तरुण बाईकडे बघितलं. "राजेश्वरी, ऐकलीस का? आमच्यासाठी हाय म्हनं."

"मग सावलीत बस म्हनावं तिला," राजेश्वरी म्हणाली, "रस्ता व्हईपर्यंत वाळून जाईल."

दोघी हसल्या. मीही हसले. मावशीचं नाव बालमणी. जाताना तिनं माझ्या बाटलीतलं पाणी मागून घेतलं, दोन घोट पिऊन तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला दोनदा मोज. येतानी पन हितनंच येते."

दुपारी फॉर्म पूर्ण केला. पदपथावरून जाणारे पादचारी: शून्य. खाली सही केली. आदल्या दिवशी सरांनी माझं अक्षर चांगलं आहे म्हटलं होतं, म्हणून ते शून्य मी अगदी गोल काढलं.

बुधवार: बालमणीबरोबर

बुधवारी आमच्या मोजणीला सुट्टी होती. बालमणीनंच बोलावलं होतं. "मोजायलीस तर एकदा चालून बग की." मी तिच्या घरापासून ब्रँचपर्यंत तिच्याबरोबर चालले. मावशी म्हणाली म्हणून थोडा वेळ पाटीही घेतली.

पाटी जड नाही. अवघड आहे. कट्टे एकमेकांवर आपटले की विड्यांची टोकं उकलतात आणि तपासणारा माणूस ती विडी बाजूला फेकतो. म्हणून ती पाटी पाण्यानं भरलेल्या घागरीसारखी न्यायची. एक हात तिच्यावरच. मी पदपथावर चढायला गेले, गुडघा वर केला आणि सगळे कट्टे एका बाजूला घसरले.

"बगितलीस?" बालमणी म्हणाली. "मी काय येडी हाय का ट्रकच्या बाजूनं चालायला? चाळीस वर्सं मांडी घालून विड्या वळल्या. ह्यो गुडगा वाकतोय कुटं? त्येंना सांग, गुडग्याएवढा नको, घोट्याएवढा करा. आन मधीमधी तोडू नका. बास."

एवढंच. शहर सुधारायचे जाड जाड अहवाल निघतात, त्यात हे एक वाक्य मी नंतर शोधलं. सापडलं नाही.

तिला घाई होती. ब्रँचमध्ये तपासणीची खिडकी ठरावीक वेळेला बंद होते. उशीर झाला की विड्या परत न्यायच्या, आणि असं वारंवार झालं की नाव कमी करतात. बालमणीचा नवरा गेला, मुलगा सुरतेला मागावर आहे, त्याचं त्यालाच पुरत नाही. "नाव हाय तवर मी हाय," ती म्हणाली, सहज, चालता चालता. चौकातून वळसा घालून गेलं तर? मी विचारलं. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की पुन्हा विचारलं नाही. चौक लांब, सिग्नलला गाड्या थांबत नाहीत, आणि या गुडघ्यानं जाऊन-येऊन रोज तेवढं चालणं तिला जमणारच नव्हतं. तिच्यासाठी वाट म्हणजे ती फट.

दुपारी तिनं जेवायला बसवलं. भात आणि पच्चिपुलुसू. म्हणजे चिंचेचं सार, पण न उकळलेलं, त्यात कच्चा कांदा आणि भाजलेली मिरची चुरडलेली. आमच्याकडे सार म्हटलं की चुलीवर उकळी फुटलीच पाहिजे. मी पहिल्यांदा जरा बिचकले, मग तीनदा भात मागितला. उन्हातून आल्यावर त्यासारखं काही नाही. मी बरोबर नेलेली आमच्या ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिनं शेजारच्या राजेश्वरीला बोलावून वाटून खाल्ली.

"ही भाकरी हाय का कौल?" राजेश्वरी म्हणाली.

"खाऊन बघा की वहिनी."

"खाते की. दात पडला तर तुज्या रकान्यात लिव."

जेवताना मला आमच्या गावाकडची पायवाट आठवली. आमच्या शेतातून वस्तीवरच्या लोकांची वाट जाते. वडील नांगरताना तेवढी पट्टी सोडतात. सांगितलंय कुणी त्यांना? नाही. कधी चुकून औत गेलंच तर दुसऱ्या दिवशी लोक तिथूनच चालतात आणि चार दिवसांत वाट परत उमटते. त्यावरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही. माणसं जिथून चालतात ती वाट, एवढं आमच्या अडाणी म्हणवणाऱ्या गावाला कळतं.

गुरुवार: कार्यालय

गुरुवारी अकरा वाजता कार्यालयात सादरीकरण. थंडगार खोली, पाण्याच्या छोट्या बाटल्या. आम्ही विद्यार्थी मागच्या खुर्च्यांवर. खोलीतला एकही माणूस पायी आलेला नव्हता. मी सायकलवरून आले होते, तर पहारेकऱ्यानं "इथं सायकल लावायची नाही" म्हणून बाहेर काढलं आणि मी ती समोरच्या गल्लीत खांबाला बांधून आले. पायी आणि सायकलनं फिरणाऱ्यांच्या योजनेचं हे कार्यालय.

अभियंता साहेबांनी पडद्यावर एक फोटो लावला. पूर्व भागातला तोच रस्ता. मोकळा पदपथ, त्यावर कुत्रं. खोलीत हशा झाला.

"पदपथावरचे पादचारी, शून्य," साहेब म्हणाले. "विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष बसून मोजलंय. म्हणजे इथं पदपथाची गरजच नाही. तो काढून आपण पार्किंगला जागा देतोय. आणि डिव्हायडरमध्ये जी अनधिकृत फट आहे ती शनिवारी रेलिंग जोडून बंद. वाहनांना अडथळा राहणार नाही."

पुढच्या चित्रात माझा फॉर्म होता. माझं गोल शून्य, पडद्यावर ताटाएवढं.

"उत्तम काम," साहेब म्हणाले. सरांनी मागे वळून माझ्याकडे बघून मान हलवली, कौतुकानं.

मी उभी राहिले. "सर, तिथून बायका जातात. खूप जातात. विड्यांच्या पाट्या घेऊन. त्या रस्त्यावरून चालतात, कारण वर चालताच येत नाही."

"मग फॉर्ममध्ये का नाही?"

"तसा रकानाच नव्हता."

"हे बघा, आम्ही फॉर्मवर चालतो. सही तुमचीच आहे ना?"

"हो."

"मग झालं तर."

सर हळू आवाजात म्हणाले, "बस खाली, प्रमाणपत्र अजून मिळायचंय." आणि मी बसले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथं, आणि तो साहेबांवर नाही. मी बसले. एसीत बसून त्यांचं पुढचं सगळं ऐकून घेतलं. टाळ्या वाजल्या तेव्हा माझेही दोन तळवे एकदा एकमेकांना लागले.

दुपारी तीनच्या उन्हात बालमणीच्या दारात गेले. ती आणि राजेश्वरी विड्यांची पानं कापत होत्या. मी उभ्यानंच सांगून टाकलं. मी काय लिहिलं, त्यांनी काय ठरवलं, शनिवारी फट बंद होणार.

बालमणीच्या हातातली कात्री थांबली. "मला शून्य लिवलीस?"

मी मान डोलावली.

"तुज्या बाटलीतलं पानी मी प्याले. तुज्यासमोर उबी व्हते. मोज म्हनले तुला. दोनदा मोज म्हनले." तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. मग ती राजेश्वरीशी तेलुगूत बरंच काही बोलली. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं.

शेवटी राजेश्वरी म्हणाली, "उद्याच्याला आपन सगळ्या वरनं चालू की, अक्का. मग लिवावंच लागंल हिला."

"आन मग काय म्हनतील?" बालमणी म्हणाली. "बगा, चालत्यात की. मस्त हाय पदपथ. काय करायची गरज न्हाई." तिनं कात्री परत पानावर चालवली. "आमी वर चढनार न्हाई. आमी हाय तितं हाय. तू खाली ये आन मोज."

साहेबांच्या खोलीत बाटलीतलं पाणी पीत एवढी माणसं बसली होती. त्यांच्यातल्या कुणालाही हा पेच दिसला नव्हता. मलाही नाही.

शुक्रवार: रस्त्यावर

शुक्रवारी मी खुर्ची घेतली नाही. कोरा फॉर्म घेतला आणि पट्टीनं तिसरा रकाना आखला. रस्त्यावरून चालणारे. चौथा आखला. फटीतून ओलांडणारे. आणि फटीच्या तोंडाशी, डांबरावर, गाड्यांच्या वाऱ्यात उभी राहिले. टमटमवाला ओरडला, "मरायचंय का गं?" एका माणसानं गाडी हळू करून विचारलं, "काय मॅडम, सेल्फी का?" अकरापर्यंत टाळू तापली. पण रकाने भरत गेले, रेघांवर रेघा, फॉर्म पुरला नाही, पाठीमागची बाजू घेतली. बालमणी आली, थांबली, माझ्या पेनाची रेघ पडेपर्यंत तिथंच उभी राहिली. मागचे हॉर्न वाजवत होते. ती हलली नाही.

मग फट बंद करायला हरकत आहे असा अर्ज फॉर्मला जोडला, त्याची प्रत काढली आणि कार्यालय गाठलं. आवकच्या टेबलावरच्या बाईंनी कागद उलटसुलट केला. "हे नमुन्यात नाही. हे रकाने कुणी काढले?"

"मी."

"असं घेता येत नाही."

"घेऊ नका. घेता येत नाही असं लिहून द्या, मॅडम."

"असं लिहून कोण देतं?"

"मग शिक्का द्या."

त्यांनी मला बाजूला उभं केलं. लोक आले, गेले. जेवणाची सुट्टी झाली. मी उभी. घरून वडिलांचा फोन आला, मी दबक्या आवाजात सांगितलं कार्यालयात आहे.

"काय झालं? कायतर घोटाळा केलीस का?"

"व्हय. मी केलेला नीट करायलीये."

ते म्हणाले, "खाऊन घे काय तर. उबं ऱ्हायला जोर लागतोय."

चार वाजता बाईंनी डबीत शिक्का दाबला आणि माझ्या प्रतीवर मारला. का मारला माहीत नाही. कंटाळून असेल. देताना त्या म्हणाल्या, "माझी आई विड्याच वळायची." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शनिवार: फट

शिक्क्यानं काम थांबत नसतं. शनिवारी मी पोचले तेव्हा रस्त्याकडेला लोखंडी जाळी टेकवून ठेवली होती आणि दोन माणसं वेल्डिंगची वायर सोडत होती. सकाळी जाताना बायकांनी ते बघितलं, पण खिडकीची वेळ होती, त्या गेल्या. अकरा वाजता परत आल्या. पाटीत आता उद्याच्यासाठी पानं आणि तंबाखू.

बालमणी फटीशी आली. जाळी बघितली. मग पाटी खाली ठेवली, डिव्हायडरला धरून कण्हत कण्हत वाकली आणि फटीत मांडी घालून बसली. "तुजी बाटली दे गं." माझ्या बाटलीतलं पाणी तिनं पानांवर शिंपडलं, कमरेची कात्री काढली, मापाचा पत्र्याचा तुकडा पानावर ठेवला आणि कापायला लागली. राजेश्वरी तिच्या मागे बसली. फटीच्या दोन्ही तोंडांशी आणखी दोघी. जागाच तेवढी होती. बाकीच्या डिव्हायडरच्या कडेनं.

मुकादम धावत आला. "मावशी, उठा की. काम करायचंय."

"उटते. माजं पन काम चालू हाय."

"किती वेळ?"

"हजार विड्या हाय रोजच्या. बसा तुमी सावलीत."

वेल्डर हसू दाबत वायर गुंडाळायला लागला. मुकादमानं फोन लावला. कुणीतरी तिकडून ओरडत होतं, आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी माझी शिक्क्याची प्रत त्याच्यापुढे धरली. त्यानं ती वाचली की नाही देव जाणे, पण फोनवर एवढं म्हणाला, "साहेब, आवकचा शिक्का हाय यावर. उद्या काय झालं तर माज्या गळ्यात येईल."

साडेबाराला कार्यालयातला एक तरुण अभियंता मोटारसायकलवरून आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. त्यानं माझ्याच फाईलवर कागद ठेवून हातानं दोन ओळी लिहिल्या. हरकत प्राप्त झाल्याने फटीचे काम तूर्तास थांबवावे.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"तूर्तास म्हंजे किती दिवस?" बालमणीनं विचारलं.

तो हेल्मेट घालत होता. "वरून आदेश येईपर्यंत, आजी."

"आन पदपथ? घोट्याएवढा?"

त्यानं गाडीला किक मारली. जाळी मात्र कामगारांनी नेली नाही. ती तिथंच, फटीच्या शेजारी, डिव्हायडरला टेकवून ठेवून गेले.

संध्याकाळच्या एसटीनं मी गावी आले. प्रमाणपत्र मिळालं नाही. सरांचा फोन आला होता, ते रागावलेले नव्हते, थकलेले वाटले. आईनं कोपरावरची खपली बघून विचारलं, शहरात एवढे चांगले रस्ते, तू पडलीस कुठं?

निघताना राजेश्वरीशी एक ठरवून आले. रोज सकाळी फट ओलांडली की तिनं मला एक मिस्ड कॉल द्यायचा. उचलायचा नाही, पैसे जायला नकोत. एकदा वाजला की समजायचं, आज उघडी आहे. पाच दिवस झाले, रोज साडेनऊच्या आत वाजतो. बाई आपल्या कामावर पायी पोचली, एवढी बातमी त्या शहरातून या गावात रोज फोननं कळवावी लागते.

आज दहा वाजून गेलेत. अजून वाजलेला नाही. सोलापूरची गाडी पावणेअकराला आहे. मी कोरे फॉर्म पिशवीत घातलेत.